राजापूरच्या खाडीत रुतलेलं वऱ्हाड

आमच्या दादाचं लग्न राजापूरच्या मुलीशी ठरलं आणि सुपारी फुटल्या फुटल्या आबांनी जाहीर केलं, "वऱ्हाड पाण्यातून जाईल." आबा म्हणजे माझे वडील. मुलगी कशी आहे, किती शिकली आहे, माणसं कशी वाटली, यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. आधी वाट ठरली, मग सून.

आई म्हणाली, "अहो, एसटी जाते ना! दीड तासात स्टँडवर उतरतो माणूस."

"एसटीने बाजाराला जातात. वऱ्हाड बंदरावर उतरतं."

"कुठलं बंदर? नुसता गाळ आहे तिथे!"

"तुला काय ठाऊक?" आबा म्हणाले, आणि तो विषय आमच्या घरातल्या सगळ्या विषयांसारखाच तिथे संपला.

आमचं घर जैतापूरच्या जवळ, खाडीच्या तोंडाशी. तिथून खाडी आत शिरते ती वळणं घेत घेत डोंगरांच्या पायथ्याला राजापुरापर्यंत जाते. समुद्रापासून इतक्या आत बंदर, हे आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण एके काळी अरबांची, गोऱ्यांची गलबतं तिथे माल भरायला यायची, आणि अणुस्कुरा घाटातून बैलांचे तांडे तो माल उतरवायचे. आबांच्या वडिलांचा स्वतःचा शिडाचा पडाव होता. इथून कौलं आणि मीठ घेऊन जायचा, येताना गूळ आणि मिरची. आबा सहा वर्षांचे असताना त्या पडावावर बसून राजापूर बंदराला उतरले होते. त्यानंतर ते राजापुरास शंभर वेळा गेले असतील, पण सगळ्या वेळा एसटीने. त्या शंभर वेळा त्यांनी कधी मोजल्याच नाहीत.

मी मात्र राजापूर पाहिलं होतं ते हायवेच्या गाडीतून, दहा मिनिटांच्या थांब्यात. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी वीस वर्षांची, रत्नागिरीला मावशीकडे राहून डी.एड. करत होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. मे महिन्यात घरी आले तर अंगणात मांडव, मागच्या दारी भांड्यांचा ढीग, आणि मी करवली! नवऱ्यामुलाची सख्खी बहीण, म्हणजे अर्धं लग्न माझंच. मला इतका आनंद झाला होता की मी उगाचच विहिरीपर्यंत पळत जाऊन पळत परत यायचे.

एकाच गोष्टीने तो आनंद मधूनमधून टोचायचा. ती आईने मला चुलीपाशी बसून सांगितली. होणाऱ्या वहिनीचं लग्न तीन वर्षांपूर्वी एकदा ठरलं होतं. मांडव पडला, हळद लागली, पन्नास पानांचा भात शिजला आणि वऱ्हाड आलंच नाही. दिवे लागायच्या वेळेला एक माणूस सायकलवरून चिठ्ठी घेऊन आला, की आम्ही दुसरीकडे जमवलं. त्या दिवसानंतर गावाने त्या मुलीत खोट शोधायला सुरुवात केली. एकदा मांडवातून मुहूर्त टळलेली मुलगी, तिला कोण विचारतो? तीन वर्षांत कोणी विचारलं नाही. आमच्या दादाने विचारलं.

"तेव्हा बायो," आई म्हणाली, "पाच वाजून सतरा मिनिटांचा मुहूर्त आहे. आपण पाच वाजता मांडवात पाहिजेच. हा मुहूर्त चुकला ना, तर त्या पोरीला आयुष्यभर कोणी सोडणार नाही. दुसऱ्यांदाही टळला म्हणतील."

मी म्हटलं, "आई, मी आहे ना!" जशी काही खाडीची भरती मीच आणणार होते.

भरती आणणारा माणूस म्हणजे तांडेलचाचा. आबांचा लहानपणापासूनचा दोस्त, पलीकडच्या मुसलमान वाडीतला, सगळं आयुष्य पाण्यावर काढलेला. मुलगा कुवेतला होता. त्याने पाठवलेला टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, चाचा आपल्या मचव्यावर इतक्या जोरात वाजवायचे की मासळी पळायची, असं त्यांची बायकोच म्हणायची. मचव्याला इंजिन होतं, पण चाचांचा भरवसा इंजिनावर नव्हता, तिथीवर होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. लग्नाच्या दिवशी बीज होती. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता खाडीच्या तोंडाशी पाणी पुरं चढणार.

"बीजेचं पाणी मोठं," चाचांनी आबांना समजावून सांगितलं. "गाळ असो नायतर काय असो, मचवा राजापुराला नेतो. पण पाणी चढत असताना. साडेदहाला सोडला तर पाणीच आपल्याला उचलून धक्क्याला लावेल. एकदा का पाणी उतरायला लागलं, की मग मी पण नाही आणि तू पण नाही."

"साडेदहा म्हणजे साडेदहा," आबा म्हणाले.

लग्नाच्या दिवशी दहाला आम्ही चाळीस माणसं नटूनथटून बंदरावर हजर होतो. मी नारिंगी साडीत. मचव्याला आंब्याचं तोरण, दोन केळीचे खांब, टू-इन-वनवर सिनेमाची गाणी, वाजंत्री डेकावर आधीच जागा धरून बसलेले. मुंबईहून आलेला चुलतभाऊ गॉगल लावून, पांढरे बूट घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून सगळ्यांना "हसा, हसा" म्हणत फिरत होता. दादाला मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि तो घामाने निथळत होता. अहाहा! मला अजूनही ते सगळं आठवलं की उड्या माराव्याशा वाटतात.

राहिलं होतं फक्त गाऱ्हाणं.

गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. नारळ हातात धरून घरातल्या वडील माणसाने देवाला हाक मारायची, जे काय कार्य आहे ते त्याच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. हा मान आमच्या थोरल्या काकांचा. काका नारळ घेऊन पाण्याच्या कडेला उभे राहिले, डोळे मिटले आणि सुरू झाले. "बा देवा म्हाराजा! आज तुझं लेकरू वाजतगाजत राजापुरास जातंय, त्याची वाट मोकळी कर!"

"होय म्हाराजा!" चाळीस गळे. त्यात माझा सगळ्यात मोठा.

काकांनी ग्रामदेवता घेतली, कुलदेवता घेतली, वेशीवरचा देव घेतला, गेलेले पूर्वज घेतले, वाकडी नजर, वाटेतली भुतंखेतं, सगळं बाजूला सारायला सांगितलं. पंधरा मिनिटांत नारळ फुटला. आम्ही चढणार इतक्यात गावकरी खाकरले. गावकरी म्हणजे गावचे मानकरी, काकांच्याच वयाचे. त्या दोघांचं चाळीस वर्षं पटलं नव्हतं.

"खाडीच्या तोंडावरचा राखणदार राहिला," गावकरी म्हणाले.

"राहिला कसा? बारा वेशीचे देव म्हटलं, त्यात तो आला."

"जमिनीवरून गेलात तर आला. आज पाण्यातनं जाताय. त्याच्या दारातनं जायचं नि त्याला नाव घेऊन सांगायचं नाही?"

गावकऱ्यांचं बरोबर होतं. मग नुसतं त्या राखणदाराचं नाव मागाहून घ्यायचं, तर तसं चालत नाही. गाऱ्हाण्याला ठिगळ लावत नाहीत. नवा नारळ, आणि पहिल्यापासून! काका रागाने लाल झाले होते, त्यामुळे या खेपेला त्यांनी कोणी म्हणून सोडलं नाही. विहिरीवरचा, वडावरचा, कातळाच्या सड्यावरचा, अगदी ओढ्यावरच्या मोडून पडलेल्या साकवाजवळचाही घेतला. आम्ही "होय म्हाराजा!" ओरडून ओरडून घसे बसवून घेतले. आणि खरं सांगते, मला भयंकर मजा येत होती. दुसरा नारळ फुटला तसे गावकरी पुन्हा खाकरले.

"आता काय?"

"ज्या गावात जातो तिथल्या देवाची परवानगी?"

"ती तिकडच्यांनी मागायची!"

"पाहुणा दारात जातो तेव्हा हाक कोण मारतो? पाहुणा की घरवाला?"

यावर वीस मिनिटं वाद झाला. आबांनी दोघांना गप्प करायला पाहिजे होतं. एरवी घरात आम्हाला एका शब्दात गप्प करणारे आबा, पण त्या दिवशी तेही त्या वादात शिरले आणि चक्क गावकऱ्यांच्या बाजूने! तिकडे तांडेलचाचा पाण्याच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी वाळूत एक काठी रोवली होती आणि पाणी तिच्यावर कुठपर्यंत चढलं ते बघत होते. मधेच उठून म्हणाले, "अरे, घाला गाऱ्हाणं, मी कुठे नको म्हणतो? पण घड्याळ बघून घाला. हे पाणी कोणाच्या देवाचं ऐकत नाही, माझ्याही नाही."

तिसरा नारळ फुटला तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

पहिले दोन तास काही कळलं नाही. अहो, कळणार कसं? दोन्ही बाजूंना हिरवागार किनारा, वर सडे तापलेले, खाली आम्ही वाऱ्यात! करवंदांच्या टोपल्या, फणसाचे गरे, कोकमाचं सरबत. वाजंत्री आणि टू-इन-वन यांची एकमेकांशी चढाओढ. वाटेतल्या वाड्यांवरची माणसं पाण्याशी धावत यायची, "कोणाचं वऱ्हाड?" म्हणून ओरडायची, आणि आबा सगळ्यात पुढे उभे राहून हात हलवायचे. साठीचा माणूस, पण तोंडावर नुसतं हसू. प्रत्येक वळणावर म्हणायचे, "इथे आमचा पडाव थांबायचा!" इतक्या ठिकाणी थांबणारा पडाव राजापुराला पोचायचा कधी, असं मी विचारलं, तर त्यांना राग आला नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं की आज काहीतरी वेगळं होणार.

तीनच्या सुमाराला तांडेलचाचांनी गाणी बंद केली. इंजिनाचा आवाज तोच होता, पण काठावरची झाडं मागे सरायची थांबल्यासारखी वाटायला लागली. पाणी उलटं फिरलं होतं. मी चाचांच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली करवंदं टोपलीत परत टाकली.

पावणेचारला शेवटचं वळण घेतलं. समोर राजापूर! डोंगराच्या कुशीत लाल कौलांची घरं एकावर एक चढलेली, खाली धक्क्याच्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर माणसं ठिपक्यांएवढी. आम्ही सगळे उभे राहून ओरडलो. आबा म्हणाले, "बघा! बघा! म्हणत होतो की नाही?" आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मचवा खालून कोणीतरी धरल्यासारखा थांबला. आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो. केळीचा एक खांब पाण्यात गेला.

"आयशीचा घो!" तांडेलचाचा म्हणाले, आणि इंजिन बंद केलं.

मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला, "काय झालं? उतरून ढकलू या ना." त्याला कोणी थांबवायच्या आत तो पांढऱ्या बुटांसकट उतरला आणि कमरेपर्यंत गाळात गेला. त्याला वर ओढायला सहा माणसं लागली. एक बूट आला, एक खाडीने ठेवून घेतला. कॅमेरा मात्र त्याने शेवटपर्यंत डोक्यावर धरला होता.

"कोणी उतरू नका," चाचा म्हणाले. "इथे गाळ मऊ आहे. पुढचं पाणी मध्यरात्रीनंतर."

मुहूर्त पाच वाजून सतरा मिनिटांचा, आणि पाणी मध्यरात्रीनंतर. मग मी बोलले. मी काय काय बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. एसटीने दीड तास लागतो. तीन-तीन नारळ कशाला पाहिजेत? तुमच्या हौसेपायी त्या मुलीचं वाटोळं झालं तर? आबांना, थोरल्या काकांना, गावकऱ्यांना, एकेकाला धरून मी झाडलं. आणि सगळ्यात मोठ्याने "होय म्हाराजा" कोण ओरडत होतं, ते मात्र सोयीस्कर विसरले. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्या धक्क्याकडे बघत बसले. दादा एवढंच म्हणाला, "ती काय समजेल गो?"

आईनेच शहाणपणा केला. ती वाजंत्र्यांकडे वळली. "नुसते बसलात काय? वाजवा! आपण आलोय एवढं तरी कळू दे त्यांना." सनई सुरू झाली, ताशा सुरू झाला. समोरच्या डोंगरावर आपटून आवाज परत येत होता. आम्ही जागेवर, आणि आमचं वाजप सगळ्या राजापुरात!

पाव तास गेला, अर्धा तास गेला. धक्क्यावरचे ठिपके इकडून तिकडे हलत होते, पण आमच्याकडे कोणी येईना. वाजंत्र्यांचे गाल दुखायला लागले. साडेचार होऊन गेले तेव्हा धक्क्यापासून एक लहान होडी सुटली. गाळाच्या मधून पाण्याची एक चिंचोळी वाट उरली होती, त्यातून एक माणूस बांबू रोवत रोवत ती आणत होता. पुढच्या टोकाला काहीतरी पिवळं दिसत होतं.

"हळदीचा कलश असेल," थोरले काका म्हणाले.

होडी जवळ आली. कलश कसला! पिवळी साडी, हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. नवरी! साडी पोटऱ्यांपर्यंत खोचून, दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून, नवरी बसली होती.

मचव्यावर जो काय गोंधळ उडाला! थोरले काका ओरडले, "तोंड बघायचं नाही! लग्नाआधी तोंड बघायचं नाही! अंतरपाट धरा!" गावकरी म्हणाले, "बरोबर आहे." चाळीस वर्षांत पहिल्यांदा. अंतरपाट होता भटजींकडे, राजापुरात. आईने मागेपुढे न बघता आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, एक टोक माझ्या हातात कोंबलं, आणि आम्ही मायलेकींनी ते दादाच्या तोंडासमोर ताणून धरलं. दादा उपरण्यामागून विचारतोय, "काय झालं? रागावलेय का? कशी दिसतेय?"

होडी आणणारे तिचे मामा होते. ते घाम पुसत आल्या आल्या हात जोडून म्हणाले, "माफ करा हो. धक्क्यावर आमची बैठक बसली होती, आणायला कोणी जायचं, मान कोणाचा, त्याची. तेवढ्यात ही वरून आली नि होडीत बसली. उतरेचना! मग मी काय करू?"

म्हणजे तिकडेही गाऱ्हाणंच चाललं होतं. मला हसू आवरेना.

ती माझ्याकडे बघत होती. मोठे डोळे, घामाने पसरलेलं कुंकू. "सगळे आलात ना?" तिने विचारलं. "कोणी मागे राहिलं नाही ना?"

"सगळे आलोय," मी म्हटलं. "रुतलोय, पण आलोय."

"चला तर मग. होडीत आठ माणसं बसतील. आधी नवऱ्यामुलाला घ्या."

पहिल्या फेरीत पुढे नवरी, मागे नवरा, मध्ये उपरणं धरून आई आणि मी, आबा, सनईवाला, ताशेवाला आणि बांबू घेऊन मामा. होडी इतकी हलत होती की उपरण्याबरोबर आम्हीही डोलत होतो. सनईवाला हसत होता म्हणून सनई मधूनच कुईं करायची. मी हसता हसता रडायला लागले. आई मला म्हणाली, "मेल्ये, उपरणं धर!" आणि तीही हसायला लागली.

होडी धक्क्याला लागायच्या आधी दहा हात थांबली. तिथून चिखल. उतरलो. गुडघ्यापर्यंत गेलो. पायऱ्या चढून वर आलो तेव्हा दादाच्या धोतराचा रंग ओळखू येत नव्हता. नवरीची आई सीमांतपूजनाचं ताट घेऊन उभी होती. जावयाचे पाय धुवायचे, तर पाय सापडेपर्यंत दोन घागरी पाणी लागलं. ती माउली रडत होती, पाय धूत होती, आणि "आलात हो, आलात" एवढंच म्हणत होती.

आबा त्या पायऱ्यांवर उभे होते. चिखलाने बरबटलेले, अनवाणी, हातात फेटा. एका पायरीतल्या दगडाला भोक होतं, दोर बांधायचं. त्यात बोट घालून मला म्हणाले, "इथे आमचा पडाव लागायचा." या वेळी मीही त्यात बोट घालून बघितलं. ते खरंच होतं.

"पाच झाले!" मामा ओरडले, आणि सगळे धावत सुटलो. राजापूर मी खरं म्हणजे पहिल्यांदा बघितलं ते असं. गुडघाभर चिखलाच्या पायांनी, एका हातात उपरण्याचं टोक, दुसऱ्या हातात साडीचा घोळ. उपरण्याच्या एका अंगाला नवरी, दुसऱ्या अंगाला नवरा, आणि हे चार हात लांब पांढरं कापड भर बाजारातून पळतंय! चिंचोळ्या गल्ल्या, लाकडी फळ्यांची दुकानं, माडीच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या बायका. एक म्हातारे दुकानदार ओट्यावर उभे राहून भिंतीवरच्या पुराच्या खुणेकडे बोट दाखवत म्हणाले, "पावसात आला असतात तर मचवा थेट इथवर आला असता!" कोणीतरी पळता पळता सांगितलं, ती पडकी भिंत म्हणजे गोऱ्यांची वखार. बघायला थांबणार कोण? वळण आलं की कापडही वळवावं लागायचं. एकदा आई एका बाजूने गेली आणि मी खांबाच्या दुसऱ्या बाजूने, तेव्हा सगळं वऱ्हाड थांबवून आम्हाला मागे फिरवावं लागलं. त्यात घड्याळाची दोन मिनिटं गेली.

नवरीचं घर वर, टेकडीवर. तिथे जायला पायऱ्या, निदान शंभर. पायऱ्यांच्या तळाशी आलो तेव्हा मामांनी मनगट डोळ्याजवळ नेलं. "पाच चौदा."

वर बघितलं तर भटजीच पायऱ्या उतरत येत होते, पंचांग काखेत, धाप लागलेली. त्यांनी आम्हाला बघितलं. नवरा आहे, नवरी आहे, मध्ये कापड आहे. ते शेवटच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "वर काय आणखी सोनं ठेवलंय? उभे राहा इथेच!"

"आणि अक्षता?" कोणीतरी विचारलं.

समोर धान्याचं दुकान होतं. दुकानदाराने तांदळाचं पोतं दाराशी ओढलं आणि चिपट्याने ओंजळी भरायला सुरुवात केली. त्याच्या बायकोने वरून कुंकवाचा करंडाच उपडा केला. धक्क्यावरून मागाहून सुटलेल्या दुसऱ्या होडीतलं वऱ्हाड धावत येत होतं, त्यांच्याही ओंजळी भरल्या. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली ती इतक्या भरभर की एकही शब्द कळला नाही. पाच वाजून सतरा मिनिटांनी आम्ही उपरणं खाली सोडलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दादाच्या नाकावर चिखल होता. ती हसली. भर बाजारात, सगळ्यांसमोर, दात दाखवून हसली, आणि वरून तांदूळ पडत राहिले. शपथेवर सांगते, मी त्यानंतर पुष्कळ लग्नं बघितली, माझं स्वतःचंही, पण इतका आनंद मला कुठल्याच लग्नात झाला नाही.

नंतर वरच्या घरी मागच्या पडवीत आम्ही दोघी पाय धूत बसलो होतो. पुढे पानं वाढली जात होती, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास येत होता. उन्हं अजून होती. तिथून खाडी सगळी दिसायची, आणि गाळात एका अंगावर कललेला आमचा मचवाही. चाचा त्याच्यावर एकटेच बसून राहिले होते. त्यांच्यासाठी कोणीतरी होडीतून जेवणाचा डबा घेऊन निघालं होतं.

मी विचारलं, "वहिनी, भीती नाही वाटली? नवरी स्वतः उठून वऱ्हाड आणायला गेली, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय गो, तीन वर्षं," ती म्हणाली. घोट्याजवळचा वाळलेला चिखल ती नखाने खरवडत होती. "चार वाजल्यापासून तुमचं वाजप ऐकत होते. जवळ येईना, पण बंदही होईना. सगळ्या बायका म्हणत होत्या, झालं, हेही अडकलं. मला मात्र बसवेना. म्हटलं, कोणीतरी वाजवतंय ना, म्हणजे आलेले आहेत. मग जाऊन आणायचंच फक्त राहिलं."

मी माझ्या पायांवरचा चिखल चोळायला लागले.

तिने तांब्या उचलला, माझ्याच पायांवर पाणी ओतलं आणि खाली बघत म्हणाली, "मागच्या वेळी याच पडवीत बसले होते. सकाळपासून कान देऊन. दिवसभर काही वाजलंच नाही."